मात्रा आणि पावती

व्यापारी कायद्यात एक जुनं तत्त्व शिकवतात : 'ग्राहका, सावध!' माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. घरी गेल्यावर कुरकुर करायची नाही. बाजारात आपण सगळे हे तत्त्व न शिकताच पाळतो. वांगी उलटीसुलटी करून घेतो, नारळ कानाशी हलवून बघतो, कापडाचा पोत बोटांनी चोळून बघतो. पण औषधाच्या दुकानात? तिथं आपण नुसते हात पुढे करून उभे असतो. चिठ्ठीवरचं अक्षर आपल्याला लागत नाही, खोक्यावरचं नाव इंग्रजी आणि आतल्या गोळ्या साऱ्या सारख्याच पांढऱ्या आणि गोल. पारखायचं कशाच्या जोरावर?

हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या मागे दिलेला नाही. तो आमच्या घरात आला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, इंदूरला, माझ्या मामांच्या घरी.

इंदूरच्या उत्तरेला बाणगंगा ओलांडली की सांवेर रोडची औद्योगिक वसाहत लागते. हाच रस्ता पुढे सांवेरवरून उज्जैनला जातो. या वसाहतीत औषधांचे लहानमोठे कितीतरी कारखाने आहेत. आपल्या बेळगावच्या दुकानातली एखादी गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचलीत, तर 'सांवेर रोड, इंदूर' हा पत्ता तुम्हालाही कधीतरी सापडेल. मामा अशाच एका कारखान्यात पॅकिंग खात्यावर देखरेख करतात. त्यामुळे गोळी कशी भरली जाते, यावर त्यांच्याकडे रोजचं व्याख्यान असायचं.

"एका औषधाची बॅच संपली की दुसरी सुरू करायच्या आधी अख्खी लाइन रिकामी करायची," मामा सांगत. "मशीनखाली एक गोळी, एक लेबल राहता कामा नये. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं पुन्हा तपासून सही करायची. छापलेली फॉइल मोजून घ्यायची, वापरलेली मोजायची, फाटलेली मोजायची. हिशेब जुळला नाही तर बॅच अडकली!" मला त्यात आमच्या ताळेबंदाचीच शिस्त दिसली. फरक इतकाच की आमचा ताळेबंद चुकला तर गुण जातात.

आणि एवढ्या शिस्तीच्या माणसाच्या घरी चुकीचं औषध आलं.

मामींना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनची गोळी लिहून दिली होती, कंपनीच्या नावानं. संध्याकाळी कामावरून येताना मामांनी वाटेवरच्या नेहमीच्या दुकानातून पट्टी आणली. गल्ल्यावर मालक नव्हते, परवान्यावर ज्यांचं नाव होतं ते फार्मासिस्टही नव्हते. एका पोरसवदा मुलानं चिठ्ठी पाहिली, फळीवरचं खोकं ओढलं, पट्टी कापली आणि कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली. मामांनी फोनवरून पैसे चुकते केले. दोन्ही औषधांच्या नावांची पहिली तीन अक्षरं सारखी होती. दिली ती गोळी ग्लिमेपिराइडची होती, म्हणजे मधुमेहाची.

ज्याला मधुमेह नाही त्यानं ही गोळी घेतली तर रक्तातली साखर धोकादायक रीतीनं उतरते. पहिल्या दिवशी मामींना नुसतं गरगरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात हात थरथरू लागले, घामानं पातळ भिजलं, बोलणं अडखळलं आणि त्या ओट्यापाशीच कोसळल्या. रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यांनी डोळे उघडले, पण डॉक्टरांनी घरी सोडलं नाही. या गोळीचा अंमल बराच काळ राहतो आणि साखर वर येऊन पुन्हा घसरू शकते. दोन रात्री आम्ही आळीपाळीनं जागलो. काय घडलं याचा शोध मामांनाच लागला. डॉक्टरांनी "घरात कुणाला मधुमेह आहे का?" असं विचारताच ते उठले, घरी जाऊन पट्टी घेऊन आले आणि सवयीनं आधी मागची बारीक अक्षरं वाचली.

तिसऱ्या दिवशी दुकानाचे मालक घरी आले. हात जोडून म्हणाले, "भाई साहब, दवाखान्याचं सगळं बिल मी देतो. बस, वो पत्ता लौटा दीजिए." हिंदीत गोळ्यांच्या पट्टीला पत्ता म्हणतात. मला त्या शब्दाची गंमत वाटली आणि भीतीही. कारण ती पट्टी म्हणजेच या प्रकरणाचा एकमेव ठावठिकाणा होता. ती हातची गेली की चुकीची गोळी कुठून आली, हे सांगणारं आमच्यापाशी काही उरत नव्हतं.

मामा गप्प बसले. माणूस रोजच्या ओळखीचा. २०२० च्या टाळेबंदीत त्यानं याच घरी उधारीवर औषधं पोचवली होती. मामीच आतून म्हणाल्या, "जाऊ द्या हो, त्याचीही लेकरं आहेत." मामा उठले, पट्टी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "बिलाचं नंतर बघू. पट्टी मिळणार नाही." त्या रात्री ते मला म्हणाले, "अरे, तू कॉमर्स शिकतोस ना? मग सांग, कायदा काय म्हणतो?"

मग मी उरलेली सुटी त्याच कामी लावली. जे हाती लागलं ते मांडतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, 'ग्राहका, सावध' हे तत्त्व औषधाला पुरतं लागू पडत नाही, हे आपल्या पुस्तकातच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ म्हणतं की वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम १६ म्हणतं की माल कशासाठी हवा ते घेणाऱ्यानं सांगितलं आणि तो विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबला, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे दुसरं काय? वर्णनही तीच आणि विश्वासही तोच. इथं सावध राहायचं ते विकणाऱ्यानं.

दुसरी गोष्ट, औषध देणं हे कुणाही नोकराचं काम नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. औषध नियमावलीचा नियम ६५ तर त्याहून स्पष्ट आहे. 'शेड्यूल एच'मधलं औषध चिठ्ठीवर लिहिलं असेल तर त्याऐवजी दुकानदारानं दुसरं देता कामा नये, मग त्यात तेच द्रव्य का असेना. "हे घ्या, तेच आहे," हे वाक्य आपण किती सहज ऐकून घेतो! या नियमांच्या भंगाची तक्रार औषध निरीक्षकाकडे करता येते. तो दुकानाची तपासणी करतो आणि परवाना स्थगित किंवा रद्द होऊ शकतो. फार्मासिस्टविरुद्ध राज्याच्या फार्मसी परिषदेकडेही दाद मागता येते.

तिसरा मार्ग पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक औषध दुसरं म्हणून विकणं हा गुन्हा आहे, कलम २७८. पण तो जाणूनबुजून केलेला असावा लागतो. निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम १२५ आहे आणि मृत्यू ओढवला तर कलम १०६. मामांनी हा मार्ग घेतला नाही. "पोराला तुरुंगात घालून काय मिळवायचं? त्याला तिथं उभं करणाऱ्यानं उत्तर द्यावं," असं त्यांचं म्हणणं.

चौथा मार्ग भरपाईचा, म्हणजे ग्राहक आयोगाचा. इथं मला पहिल्यांदाच आपल्या अभ्यासाचा अभिमान वाटला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे केवळ पैसे मोजणारा नव्हे; त्याच्या संमतीनं माल वापरणाराही ग्राहकच. म्हणजे पैसे मामांनी दिले तरी मामी ग्राहक ठरतात. कुठल्या आयोगाकडे जायचं हे भरपाईच्या मागणीवरून नव्हे, तर मोजलेल्या किमतीवरून ठरतं. किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. गोळ्यांच्या पट्टीची किंमत ती काय! आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १९१५ हा ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

एवढे दरवाजे पाहून मी हुरळून गेलो होतो. मामांनी एकच प्रश्न विचारला, "आणि बिल कुठंय?"

सगळे दरवाजे त्या एका किल्लीनं उघडतात. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, परवाना क्रमांक असलेलं बिल हाती असतं तर प्रश्न नव्हता. आमच्याकडे होता कोरा कागद आणि त्यावर रक्कम. मग आम्ही पुरावा गोळा करायला बसलो : फोनवरून भरलेल्या पैशांची नोंद, तिच्यावरची तारीख, वेळ आणि दुकानाचं नाव, डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, दोन गोळ्या कमी असलेली पट्टी, आणि दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहून दिलेलं निदान. हे चार कागद एकमेकांशी जुळवणं म्हणजे मामांच्या भाषेत लाइन तपासणं आणि माझ्या भाषेत खातं जुळवणं होतं.

या चुकीत नावाच्या सारखेपणाचाही वाटा होता. सर्वोच्च न्यायालयात २००१ साली 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांच्या नावांचा खटला आला होता. दोन्ही मेंदूच्या हिवतापावरची, पण आतलं द्रव्य वेगळं. न्यायालयानं सांगितलं की औषधांच्या बाबतीत नावाचं साम्य अधिक कडकपणे तपासलं पाहिजे. आपल्या देशात अनेक भाषा आहेत आणि इंग्रजी न जाणणारे लोक असंख्य आहेत, हे विसरून चालणार नाही. २०१६ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी लिपीत लिहायला सांगितलं. मामींच्या चिठ्ठीवर मात्र एक वेलांटी पुढच्या अक्षरात मिसळली होती.

हे सगळं वाचताना एक विचार छळत राहिला. आमच्याकडे निदान मोजलेले पैसे होते. ज्यांनी पैसेच मोजले नाहीत त्यांचं काय? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या जागी उद्योगात वापरायचा, डायथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेला माल आला होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं १९८८ साली खरेदीपासून परवान्यापर्यंतची सारी साखळी उघडी केली. खुद्द इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात मे २०१६ मध्ये प्राणवायूच्या नळीतून भुलीचा वायू आला आणि दोन बालकं गेली. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली खरी, पण जिथं सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं वगळून. अशा रुग्णाला उरतो तो दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. जो सर्वांत गरीब, त्याचाच रस्ता सर्वांत लांब, हे मला पटत नाही.

मामांनी शेवटी दवाखान्याचं बिल दुकानदाराकडून घेतलं नाही. औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार दिली आणि जिल्हा आयोगात अर्ज केला. मागणी दोनच : मामींच्या उपचाराचा खर्च व भरपाई, आणि गल्ल्यावर फार्मासिस्ट हजर असेल तेव्हाच चिठ्ठीवरची औषधं देण्याची लेखी हमी. निकाल लागायचा आहे. दुकानदार अजून मामींना नमस्कार करतो, मामीही करतात. मात्र आता त्या दुकानात बिल न मागता मिळतं.

आपल्या अंकाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात, कन्नडमध्ये, गोळीला 'मात्रे' म्हणतात. मराठीत मात्रा म्हणजे औषधाचं नेमकं माप. शब्द एकच, आणि त्याच्या पोटात मोजमाप आहे. ते मोजमाप सांवेर रोडच्या कारखान्यात दोन सह्यांनी जपलं जातं आणि काउंटरवरच्या हातभर अंतरात निसटतं. तेवढं हातभर अंतर राखणं आपल्या हाती आहे. चिठ्ठीवरचं मूळ औषधाचं नाव डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावं, ते पट्टीवरच्या नावाशी जुळवावं, शंका आली तर गोळी घेण्याआधी विचारावं आणि पाच-दहा रुपयांच्या सवलतीसाठी बिल सोडू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर हे काम आपलं. आपण वाचायला शिकलो ते काय केवळ परीक्षेसाठी?