एका बाळूचे तीन

कॉम्प्युटरला सगळं कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या नाशिक जिल्ह्यातला एखादा बाळू त्याच्यापुढे उभा करून पाहावा. कर्जखात्यात बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळकृष्ण, आधारवर नुसताच बाळू! आमच्या शिपायालाही हा एकच माणूस दिसतो, कॉम्प्युटरला तीन.

२०१७ साली दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी कर्जाची माहिती ६६ रकान्यांत द्यायची आणि कॉम्प्युटरने दोन्हींच्या पत्रिका जुळवायच्या. त्या जुळेनात! यादी आली, चुकली, दुरुस्त होऊन पुन्हा आली. आता पहिलं धिरडं तव्याला चिकटतंच, हे मान्य. पण इथे चिकटली होती कुणाची तरी पेरणी. ‘भाऊसाहेब, आलं का नाव?’ असं विचारणाऱ्याला धिरड्याचा दाखला कोणत्या तोंडाने द्यायचा?

डिसेंबर २०१९ मध्ये पुढची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा अर्जच काढून टाकला. माहिती बँकांनी द्यायची, आणि शेतकऱ्याने आधारच्या यंत्रावर अंगठा टेकवून ‘हा मीच’ एवढंच सांगायचं.

जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलेल्या बाळूचा अंगठा शेवटी ६६ रकान्यांना भारी पडला!