तात्यांचं भिंग

जुनी चित्रं बघायला मला शिकवलं सांगलीच्या तात्यांनी. शिक्षण सातवी, धंदा छपाईचे ब्लॉक बनवण्याचा. ऑफसेट आलं आणि काम आटलं, तरी हरभट रोडमागच्या त्यांच्या खोलीतला ॲसिडचा वास काही गेला नाही. मी साताऱ्याहून दुष्काळावरची टिपणं घेऊन जायची. ते चहा सांगायचे आणि माझे कागद बाजूला सारत म्हणायचे, "आधी चित्र काढ."

चित्र म्हणजे 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधल्या एका पानाची नक्कल. २० ऑक्टोबर १८७७चा अंक, बंगळूरला मदतीची वाट बघणारे दुष्काळग्रस्त. मला भरून यायचं. तात्या भिंग लावायचे.

ही चित्रं बॉक्सवुडवर कोरत. त्याचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला लहान लहान ठोकळे बोल्टने आवळून एक करत. वर चित्र उतरवलं की ठोकळे सुटे करून कोरणाऱ्यांना वाटत. आभाळ एकाकडे, झाडी दुसऱ्याकडे, चेहरे हात बसलेल्या कारागिराकडे. पुन्हा जोडल्यावर सांध्याची पांढरी रेघ बरेचदा राहून जाई. "म्हणजे आईचं तोंड एकाच्या टेबलावर आणि मांडीवरचं पोर दुसऱ्याच्या, असंही झालं असेल," तात्या म्हणाले. त्यात दोष देणं नव्हतं. छपाईच्या घाईतली रात्रपाळी त्यांनीही केलेली.

याच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात, १४ मे १८४२ला, हॅम्बुर्गच्या आगीचं चित्र आलं. आग बघायला कुणी गेलंच नव्हतं. शहराचं जुनं चित्र शोधून त्यावर ज्वाळा चढवल्या होत्या. मी हे सांगितलं तेव्हा तात्या खो खो हसले. "पहिल्या दिवसापासून आपलेच भाऊबंद की!"

मला ते जरा रुक्षच वाटायचे. मग एकदा राजेवाडी तलावाचा विषय निघाला. म्हसवडजवळचा हा तलाव त्याच दुष्काळातल्या कामांतला. तात्यांचं मूळ गाव माणमधलं. त्यांच्या आजीची आई तिथे पाट्या वाहायला होती. जानेवारी १८७७मध्ये सरकारने मजुरी पौंडभर धान्याच्या हिशोबावर आणली, आणि इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. ही बाई मात्र राहिली. तान्ही पोर बाभळीखाली झोळीत. दुपारी पोर गेली, पण दिवस भरल्याशिवाय हजेरी लागत नव्हती, म्हणून बाईने संध्याकाळपर्यंत पाट्या टाकल्या. आजी हे सांगताना ज्वारी निवडत असायची, हात थांबायचा नाही. पोरीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही.

हे तात्यांनी भिंग पुसत सांगितलं. लंडनच्या छापील बाईसाठी मी रडत होते तेव्हा हा माणूस सांधे का दाखवत होता, ते मला तेव्हा उमगलं. चित्र कुठलं, कुणी काढलं, समोर बसून की फोटोवरून, हे विचारल्याशिवाय मी आता एकही जुनं पान पुढे नेत नाही. ही सवय त्यांची. माझी पदवी तिथे कामाला आली नाही.

आजीने सांगितलेली ही हकीकत माझ्या पुस्तकात घ्यायला तात्यांनी एकाच अटीवर परवानगी दिली: शेजारी दुसऱ्या कुणा बाईचं चित्र लावायचं नाही. पान ओकंबोकं दिसतं अशी प्रकाशकाची कुरकुर झाली. मी हटले नाही. पहिली प्रत घेऊन सांगलीला गेले. तात्यांनी ते पान उजेडाकडे धरलं, नखाने कागद चाचपला आणि म्हणाले, "शाई कमी पडलीय गं. मशीनवाल्याला सांग."