यांचा कॉम्प्युटर



दशलक्षण पर्वातला नववा दिवस, उत्तम आकिंचन्याचा. प्रवचन ऐकून घरी आले आणि सवयीने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं कव्हर झटकलं. हे जाऊन तीन वर्षं झाली आणि कॉम्प्युटर बंद पडून दोन महिने. तरी कव्हर मी रोज झटकत होते.

यांनी तो 2017 साली 45,000 रुपयांना घेतला, नावाजलेल्या कंपनीचा. इथल्या गोदामवाल्यांचे हिशेब यांनी त्यावरच लिहिले. यंदा जुलैत लाइट सारखी जात-येत होती, त्यात मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, हा बोर्ड आता मिळायचा नाही. भंगारात द्या, 800 देतो."

मी बी.कॉम. आयकरात कॉम्प्युटरवर वर्षाला 40 टक्के घसारा धरतात. सात वर्षांनी 45,000 चे साधारण 1,260 उरतात. वहीत तो संपलाच होता. माझ्या मनात मात्र घसारा शून्य.

नातू डिप्लोमाला आहे. म्हणाला, "आजी, मला कॉलेजसाठी कॉम्प्युटर जोडायचाय. आजोबांचा उघडू का?" मी चटकन नाही म्हणाले. रात्री झोप लागेना. परिग्रह वस्तूंच्या संख्येत नसतो, 'हे माझं' म्हणून धरून ठेवण्यात असतो, हे मी त्याच दिवशी मान डोलावत ऐकलं होतं. घरातलं मूल मागतंय आणि मी धुळीला सांभाळतेय! सकाळी म्हटलं, "उघड. पण आधी फोटो."

म्हणून हार्ड डिस्क पहिली काढली आणि मुलाच्या लॅपटॉपला जोडून सगळं उतरवून घेतलं. 2018 च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो, ते फोटो त्यात होते. ते दुसऱ्या ठिकाणी नीट उघडतात हे पाहिल्यावरच पुढचा स्क्रू काढू दिला. आत एक कोळी होता. ब्लोअर मारण्याआधी त्याला कागदावर घेऊन बाल्कनीतल्या कुंडीत सोडला.

मग मी वहीत दोन रकाने पाडले.

चालणारं: हार्ड डिस्क, नंतर बसवलेली एसएसडी, 8 जीबी डीडीआर 4 रॅम, प्रोसेसर, मॉनिटर, कीबोर्ड.

न चालणारं: कॅबिनेट, कारण कंपनीने बोर्डाची मापं आणि समोरच्या बटणाचा प्लग आपल्या पद्धतीचा केलेला. एसएमपीएस चालू होता, पण नेहमीच्या बोर्डाला 24 पिनांचा प्लग लागतो आणि आमचा निघाला 8 पिनांचा. विंडोजचा परवानाही जुन्या बोर्डाशीच बांधलेला, म्हणून नातवाने फुकट मिळणारं लिनक्स घातलं.

प्रोसेसर सातव्या पिढीचा. आठव्या पिढीच्या बोर्डाच्या सॉकेटचं नावही 1151 च असतं, पण त्यावर हा चालत नाही. नातवाने लॅमिंग्टन रोडवर विचारत फिरून जुळणारा जुना बोर्ड 3,000 ला आणला. नवा एसएमपीएस 1,800, कॅबिनेट 1,500. एकूण 6,300 रुपये.

उरलेलं 800 रुपयांना भंगारात दिलं नाही. तिथे कितीदा तारा जाळून तांबं काढतात, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो, ते पाणी नाल्यात जातं. आपल्या हातून नाही, पण आपल्यामुळे होणारी हिंसाच ती. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हे नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. थोडे दिवस थांबून तसंच दिलं. पैसे मिळाले नाहीत.

जोडणी झाली. पहिल्यांदा बटण दाबलं तर पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा आला. नातवाने रॅम काढून पुन्हा घट्ट बसवली आणि सुरू झाला. त्याने आजोबांचा गोमटेश्वरासमोरचा फोटो पडद्यावर लावला. मी सांगितलं नव्हतं.

कोपरा आता रिकामा आहे. तिथे माझा स्वाध्यायाचा चौरंग ठेवलाय.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कव्हर घालून ठेवलेलं काहीतरी असेल. एकदा उघडून बघा. आठवणी आधी उतरवून घ्या, मग वस्तू कोणाच्या तरी कामाला लागू द्या.

जय जिनेंद्र.