आमचे बहामनी आजोबा

सप्टेंबर उजाडला की आमच्या घरात माझा भाव घसरायला लागतो. एरवीही तो फार तेजीत असतो अशातला भाग नाही. पण सतरा तारीख, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आली की दुसऱ्यांदा चहा मागायचा मला धीर होत नाही. कारण आमच्या सौभाग्यवतींचे वडील स्वातंत्र्यसैनिक होते. साधेसुधे नव्हेत. ७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, त्यात ते तिरंगा घेऊन निघाले, पाठीवर दंडे खाल्ले आणि हर्सूलच्या तुरुंगात जाऊन बसले. त्यांचा ताम्रपट आमच्या दिवाणखान्यात आहे. दर वर्षी पंधरा सप्टेंबरला तो खाली काढायचा, चिंचेनं घासून लख्ख करायचा आणि सोळाला परत टांगायचा, हे खातं माझ्याकडे असतं. जिंकलेल्यांची भांडी हरलेल्यांनी घासावीत, ही जुनीच रीत आहे.

हरलेले म्हणजे आम्ही. आता खोटं कशाला बोलू? माझे आजोबाही त्याच लढ्यात होते. फक्त पलीकडच्या बाजूला. निजामाच्या फौजेत.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं सरळ लिहितो आहे. आमच्या घरात ते सांगायची पद्धत निराळी होती. "तुमचे वडील काय करायचे?" असं कुणी बाबांना विचारलं की बाबा म्हणत, "नोकरी." "कुठं?" "सरकारी." आता सरकार कोणतं, हे विचारण्याइतका चौकस पाहुणा निघालाच, तर आई लगबगीनं पोहे घेऊन बाहेर यायची. चौकस माणसांना आमच्या घरचे पोहे फार मिळाले.

हे सगळं २०२३ साली उपटलं. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता होती आणि पाचवीतल्या आमच्या नातवाला शाळेनं निबंधाला विषय दिला होता : 'माझे पूर्वज आणि मुक्तिसंग्राम'. आजीकडच्या पणजोबांनी दीड पान व्यापलं. मग चिरंजीव पेन्सिल चावत माझ्याकडे वळले. "आबा, तुमच्याकडचं कुणीच नव्हतं का हो?"

"होते ना," सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अगदी जवळच होते."

मी निमूटपणे माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. तीत आजोबांची दोन धोतरं, पितळी बिल्ला आणि घडीवर फाटलेला एक उर्दू कागद निघाला. आमची उर्दू 'कायकू' आणि 'नक्को' यांच्यापुढे गेलेली नाही, म्हणून कागद घेऊन रोशनगेटजवळ राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं : नाव अमुक, काम कोठीवर, ठाणे औरंगाबाद, भरती सन १३४७, नोकरीतून कमी सन १३५८.

वाटेत आमच्या गल्लीतले इतिहासाचे प्राध्यापक भेटले. त्यांना आकडे सांगताच ते जागच्या जागी उभे राहिले. "अहो, १३४७ ला हसन गंगूनं आपल्या या दौलताबादेत बहामनी राज्य स्थापलं, आणि १३५८ ला तो वारला! म्हणजे तुमचे आजोबा त्याच्याबरोबर कामाला लागले नि त्याच्याबरोबरच सुटले."

दोन दिवस मी घरात मान ताठ ठेवून वावरलो. निजामापेक्षा बहामनी केव्हाही बरे. एक तर घराणं जुनं. शिवाय बहामनींशी लढल्याबद्दल कुणालाही ताम्रपट मिळालेला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. "साहेब, सांगायचं राहिलं. सन फसली आहे. निजामाच्या राज्यात तोच चालायचा. त्यात ५९० मिळवा." मिळवले. भरती १९३७-३८ आणि सुटका १९४८-४९. मी पुन्हा चिंच भिजत घातली.

तर अशी ती नोकरी. आजोबांच्या वाटणीला बापाकडून आलं होतं साडेतीन एकर बरड आणि एक म्हातारा बैल. निजामाचं प्रेम, आसफजाही निष्ठा, असलं काही त्यांच्या भरतीमागं नव्हतं. पगार होता. तोही हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयात. आणि सात हाली रुपये मोडले की इंग्रजांचे सहा कलदार मिळायचे. आजी म्हणायची, "हा माणूस सात कमावतो आणि बाजारात सहाच होतात. एक रुपया कुठं सांडतो देव जाणे."

या फौजेला पराक्रम माहीत नव्हता असं नाही. तिचे घोडेस्वार पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनपर्यंत जाऊन आले होते. दिल्लीच्या त्या प्रसिद्ध तीन मूर्तींत एक हैदराबादची, एक म्हैसूरची आणि एक जोधपूरची. दिल्लीला गेलो तेव्हा मी हैदराबादच्या मूर्तीकडे नातेवाइकासारखा पाहत उभा राहिलो. मूर्तीनं ओळख दाखवली नाही. बरोबरच आहे. घोडेस्वार कोठीवाल्याच्या नातवाला कशाला ओळख देईल?

अकरा वर्षांत आजोबांनी बंदूक उचलली ती पुसायला. त्यांचं रणांगण म्हणजे ज्वारीची पोती, डाळीची पोती आणि मिठाची बरणी. त्याची शिस्त मात्र मरेपर्यंत घरात राहिली. सकाळी उठून ते डबे मोजायचे. भाकरी वाढताना आजीनं "किती झाल्या?" विचारलं तर "दो हाजिर, एक बाकी" असं उत्तर यायचं. फौजेला उर्दूत 'अफवाजे बाकायदा' म्हणत, आणि त्यातल्या 'बाकायदा'वर आजोबांचा भारी जोर. कासिम रझवीचे रझाकार ते बेकायदा, आपण बाकायदा! हा बारीक भेद त्यांनी पन्नास वेळा समजावला असेल. ज्यांची घरं रझाकारांनी जाळली, त्यांनी तो का समजून घ्यावा, हेही खरंच.

लढाई तर बोलूनचालून पाच दिवसांची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. कागदोपत्री 'ऑपरेशन पोलो', आपल्या तोंडी 'पोलीस ॲक्शन'. १७ ला निजामानं हार मानली आणि १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस मेजर जनरल चौधुरींना शरण गेले. आमच्या गल्लीतला गणपतीसुद्धा यापेक्षा जास्त दिवस बसतो. औरंगाबादेला तर तेवढेही लागले नाहीत. मेजर जनरल ब्रार यांच्या फौजा आल्या आणि पहिल्या दोन दिवसांतच मुलकी अधिकाऱ्यांनी पुढे होऊन शहर हवाली केलं. आजोबांचं युद्ध एवढंच : नव्या फौजेचा अधिकारी कोठीच्या दारात आला, आजोबांनी कडक सलाम ठोकला, त्याच्यासमोर सगळी पोती मोजली, किल्ल्या पुढे केल्या आणि पावती मागितली.

हसू नका. त्या पावतीखेरीज ते तिथून हलले नाहीत म्हणे.

आता १९८६. माझ्या लग्नाची बैठक. मुलगी स्वातंत्र्यसैनिकाची म्हटल्यावर बाबांनी आजोबांना आदल्या रात्रीच बजावलं होतं, "आण्णा, विचारलं तर सरकारी नोकरी म्हणायचं. पुढचं मी बघतो." आई पोह्यांची परात घेऊन दाराआड तयार. सासरे आले, पांढरी शुभ्र खादी, टोपी, आवाज खणखणीत. बसल्या बसल्या त्यांनी थेट आजोबांनाच गाठलं.

"आपण कुठं होता नोकरीला?"

"फौजेत," आजोबा म्हणाले. बाबांनी डोळे मिटले.

"कोणत्या?"

"सरकारे-आलींच्या. बाकायदा."

पोहे बाहेर आले. पण कुणी हात लावीना. सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे तेव्हा आपण इथंच होता. कोठीवर."

"जी."

"मी हर्सूलला होतो. आत."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबांनी घसा खाकरून विचारलं, "ज्वारी कशी होती तिथली?"

"किडकी."

"मग ती आमच्या कोठीची नव्हे," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की सासऱ्यांना हसू आवरेना.

पण तो माणूस हसून सोडून देणारा नव्हता. पोहे झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "रावसाहेब, लोकांनी वकिली सोडली, पोरांनी शाळा सोडल्या. तुम्हाला सोडावीशी नाही वाटली?"

"वाटली होती," आजोबा म्हणाले. "त्या महिन्याचा पगार व्हायचा होता."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात त्या महिन्याचा."

बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. माझं लग्न त्या पगारात मोडलं अशी माझी खात्री झाली. एवढ्यात दाराआडून आजीचा आवाज आला. आजी परक्या पुरुषांपुढे कधी बोलत नसे. "त्या बावीस दिवसांचं सांगा की. ते नाही का झालं?"

"ते कशाला आता," आजोबा पुटपुटले. मग आजीनंच सांगितलं. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत उलटा सूड सुरू झाला. रझाकारांचं पाप त्यांच्या धर्माच्या गरीब माणसांकडून वसूल होत होतं. पुढे पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरच्या बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. आजोबांच्या बरोबरीचा एक शिपाई ठाण्यावरच अडकून पडलेला, आणि त्याची बायको दोन पोरं घेऊन उस्मानाबादकडच्या एका खेड्यातून जीव मुठीत धरून शहरात आलेली. आजोबांनी त्या तिघांना घरी आणलं. गल्लीत सांगितलं, गावाकडची भावजय आहे. आजी सोवळ्यातली. तिनं त्यांना देवघराच्या खोलीत ठेवलं, कारण तिथं कुणी डोकावत नसे. आपलं लुगडं त्या बाईला नेसवलं. बावीस दिवस. "आणि हे रोज रात्री उठून दाराची कडी बघायचे," आजी म्हणाली. "अकरा वर्षं फौजेत होते, पण पहारा दिला तो तेवढाच."

आजोबा खाली मान घालून पोह्यातले दाणे वेचत होते. सासऱ्यांनी मांडीवरची टोपी परत डोक्यावर घातली आणि बाबांकडे वळून म्हणाले, "पंचांग आहे का घरात?"

पुढे आजोबा होते तोवर दर सतरा सप्टेंबरला सासरे झेंडावंदनाला जाताना त्यांना घेऊन जात. आजोबा नको नको म्हणत मागच्या रांगेत उभे राहायचे. पण झेंडा वर गेला की सगळ्या मैदानात सलाम कडक असायचा तो त्यांचाच.

नातवाला यातलं काय सांगावं, कळेना. मी पेन्सिल हातात घेऊन घुटमळत होतो. तेवढ्यात सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्याच्याजवळ बसल्या आणि बावीस दिवसांचं सगळं त्याला लिहायला सांगितलं, लुगड्याच्या रंगासकट. तो रंग मलाही माहीत नव्हता. आजीनं तो नातसुनेला सांगून ठेवला होता.

वही चार दिवसांनी तपासून आली. पणजोबांच्या मजकुरावर बरोबरची खूण होती. खापरपणजोबांच्या पानावर 'सन १३४७' याखाली तांबड्या शाईच्या दोन रेघा, आणि समासात लिहिलं होतं, 'साल चुकले आहे. पालकांची सही आणणे.'

सही सौभाग्यवतींनी केली.