चौमहल्ला आणि दंडाची पावती

ट्रिपचा शेवटचा दिवस. हुसेनसागराकाठचा बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा आदल्या दिवशी डोळं भरून पाहिला होता. खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे. तेवढ्यात आमच्यातलं एक पोरगं म्हणालं, निजामाचा वाडा बघितल्याबिगर बीडला जायचं नाही. आमचे आजे-पणजे त्याचीच रयत ना!

चौमहल्ल्यात शिरलो. खिलवत म्हणजे दरबार हॉल. वर बेल्जियमच्या काचेची १९ झुंबरं, खाली संगमरवरी चौथऱ्यावर गादी. अठराव्या शतकात सुरू झालेलं हे बांधकाम एकोणिसाव्या शतकात पाचव्या निजामाच्या काळात पुरं झालं. पुढं कपाटांतून कपबश्या, शेरवान्या, तलवारी. एक पिवळी रोल्स-रॉइस, १९१२ ची. १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम'नं सातव्या निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं होतं.

एवढा पैका आला कुठून? बीडचा शेतसाराही ह्याच तिजोरीत पडत होता, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. आमचं अंबाजोगाई तेव्हा मोमीनाबाद, तिथं घोडदळाची छावणी. आमचा आजा अंमलदाराचं सामान डोक्यावर घेऊन पुढल्या गावच्या शिवेपर्यंत जायचा. मजुरी नाही, भाकर मिळाली तर मिळाली. वेठबिगार. पण आजीला निजामाचं विचारलं की ती म्हणायची, "निजाम कुणी बघितलाय बाबा? आमाला तर पाटीलच दिसायचा."

आजीचं हे एक वाक्य मला दर १७ सप्टेंबरच्या भाषणांपेक्षा जास्त शिकवून गेलं. निजामाच्या बाजूला जाऊ नका, असं बाबासाहेबांनी १९४७ लाच आपल्या लोकांना बजावलं होतं. निजाम गेला, बरं झालं. पण पाटलाचा वाडा तिथंच राहिला, आन विहीरबी त्याचीच राहिली.

त्या काचेच्या कपाटापुढं मी बराच वेळ थांबलो. आत निजामाची बशी, कापसात ठेवल्यावाणी. आणि मला आठवली आमची पत्र्याची पेटी. बापूनं १९८४ ला गायरानावर नांगर धरला. दगड वेचले, बांध घातला. १९९१ चा सरकारी निर्णय सांगतो की भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करा. (तारीख बघा कुठली धरली! जयंतीची.) पुरावा काय? दंडाची पावती! सरकारनं ज्या कागदावर आपल्याला चोर ठरवलं, तोच कागद आपल्या कसण्याची साक्ष. बापूच्या दोन पावत्या. एक उंदरानं खाल्ली. दुसरीवरची शाई उडाली, म्हणून हापिसातल्या बाबूनं ती बोटाच्या टोकानं परत सरकवली. "काही वाचता येत नाही."

राजाची बशी जपायला पहारेकरी आहे, दिवा आहे, तिकीट आहे. बापूच्या पावतीला पेटीसुद्धा धड नाही.

महालाच्या हिरवळीवर बसून आम्ही ठरवलं ते असं. गावोगावच्या पावत्या गोळा करायच्या, झेरॉक्स काढायच्या, गटनंबर घालून यादी करायची. तलाठ्याकडं एकेकट्यानं जायचं नाही. तवा गड्यांनो, घरी बघा. पेटीत, गाडग्यात, बाबासाहेबांच्या फोटोच्या मागं. १९९० च्या आधीची कसलीबी पावती असंल तर घेऊन या. फाटकी असली तरी आणा. पेरा लागलेली पाहणीपत्रकाची नक्कल असंल तर तीबी. आणि म्हातारी माणसं जित्ती आहेत तवर त्यांचे जबाब लिहून घ्या, अंगठ्यासकट.