कोरडेपणाचा तोरा

शिरेतून उडणाऱ्या रक्ताचं मला भय नाही. ती शीर दिसते, चिमट्यात सापडते, कॉटरीने जाळून बंद होते. छळतं ते झिरपणं. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी उचलली की खालचा तळहाताएवढा भाग उघडा पडतो. गॉज दाबून काढलं की त्यावर लाल ठिपक्यांची रांगोळी, आणि त्यातला एकही ठिपका जाळण्याजोगा नाही. जाळत सुटलं तर कातडीचा रक्तपुरवठा जातो. तसंच सोडलं, तर भुलीत उतरलेला रक्तदाब रात्री चढतो आणि रक्त साकळून गाल टरारतो.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल नेमकं इथे कामाला येतं. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो दांपत्याचं हे १९६२चं औषध नवी गुठळी बनवत नाही. बनलेली विरघळू देत नाही. त्यामुळे उघडी शीर बांधणं आमच्याच गळ्यात राहतं. तरी आमच्यातले जुनेजाणते म्हणतात, हात चांगला असेल तर औषध कशाला? नॉर्वेतल्या डॉक्टरांनी २०१५ साली याचं चोख उत्तर दिलं. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत २८ बायकांच्या एका बाजूची जखम औषधाने ओली केली, दुसरीची नुसत्या सलाइनने. बाई तीच, रक्तदाब तोच. जखमेतलं रक्त बाहेर काढणारा ड्रेन औषधाच्या बाजूला ३९ टक्के कमी भरला. मध्यक २०.५ऐवजी १२.५ मिलिलिटर, म्हणजे फरक चहाच्या दीड चमच्याचा! हसणाऱ्यांनी हसावं; ड्रेनमधलं माप म्हणजे टळलेली रक्ताची गाठ नव्हे, हेही कबूल. पण गालाखाली जागा तरी कितीशी असते?

नको तिथे, चांगल्या शिरांतही गुठळ्या टिकून राहतील ही भीती रास्त आहे. मात्र क्रॅश-२ चाचणीत (२०१०) अपघातातल्या वीस हजारांवर जखमींपैकी निम्म्यांना हे औषध शिरेतून दिलं, तरी गुठळ्यांचे विकार वाढले नाहीत. जखमेवर लावलेलं तर रक्तात त्याहून कमी उतरतं. मला खरी काळजी घाईची वाटते. अँप्यूल पाच मिलिलिटरचं, त्यात ५०० मिलिग्रॅम. तसंच ओतायचं नाही. पंधरा मिलिलिटर सलाइन मिसळून जखम ओली करायची, धुवायची नाही. तीव्र द्रावणात राहिलेली कातडी प्रयोगशाळेत नीट भरून येत नाही. तेव्हा ‘थोडं जास्त घालू’ म्हणणारे मला औषध नाकारणाऱ्यांइतकेच खटकतात.

आणि तरीही ऑपरेशनच्या नोंदीत ‘रक्तस्राव नगण्य’ हे मी आधी लिहितो, औषधाची ओळ त्याच्या खाली.