चौथा ड्रम

हळद नीट शिजली की नाही, हे जाळापाशी बसणाऱ्याला कळायला वेळ लागतो. वाळवण झालं, हळकुंड मोडलं, की मगच खरं काय ते दिसतं. आमच्या घरात मोडून बघायचं काम माझ्याकडे आहे. जाळ धाकट्या भाऊजींकडे, ट्रॅक्टर आणि मजुरांचा हिशेब ह्यांच्याकडे, आणि सगळ्यांना नावं ठेवायचं काम मामंजींकडे. त्यामुळे कुकरमध्ये काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं, तेही शिजवणीनंतर पंधरवड्याने, ताडपत्रीवर बसून निवडताना.

चांगलं शिजलेलं हळकुंड वाळल्यावर खणखणीत वाजतं. मोडलं की आत सालीपासून गाभ्यापर्यंत एकसारखा नारिंगी पिवळा रंग दिसतो. कच्चं राहिलेलं हळकुंड मधोमध फिकट, खडूसारखं असतं आणि त्याची भुकटी होते. जास्त शिजलेलं काळपट पडतं, सुरकुततं. त्या वर्षी माझ्यासमोरच्या एकाच ढिगात तिन्ही प्रकार निघत होते. रान एकच, सेलमचं बेणं एकच, काढणी एकाच आठवड्यातली. मग फरक आला कुठून?

आमचं रान वसमत तालुक्यात, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखाली. इकडे हळद म्हणजे वर्षाचा पैसा. 2023च्या पावसाळ्यात भाव उसळले आणि ज्यांनी कधी बेणं हातात धरलं नव्हतं त्यांनीही हळद लावली. 2024मध्ये ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. पण लिलावात व्यापारी मानांकन बघत नाही. तो ढिगात हात घालतो, चारपाच हळकुंडं उचलतो आणि कटाकट मोडतो. त्यातली दोन खडूसारखी निघाली की सगळ्या ढिगाचा भाव खाली येतो. त्याचं चुकतं असंही मला वाटत नाही.

आधी आमच्याकडे काहील होती. मोठ्या कढईत हळद, वर पाणी, त्यावर हळदीचाच पाला आणि ओली पोती. पाऊण ते एक तासाने फेस वर यायचा, पांढरी वाफ सुटायची आणि हळदीचा तो उग्र वास बांधभर पसरायचा. तेव्हाही तळाची हळद जास्त शिजायची नि वरची कमी. मामंजी काही म्हणोत, काहिलीतली सगळी हळद एकसारखी शिजायची हे खरं नाही. पुढे भावकीत मिळून कुकर घेतला. ट्रॉलीवर बसवलेली पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, टाकीतून निघालेला एक आडवा पाइप आणि त्या पाइपावर ओळीने चार ड्रम. प्रत्येक ड्रमला वेगळा व्हॉल्व्ह, आणि ड्रमच्या आत भोकं पाडलेली उभी नळी. त्या भोकांतून वाफ हळदीत शिरते. काहिलीला तास लागायचा तिथे ड्रम वीसेक मिनिटांत उतरतो, पाणी कमी लागतं, लाकूड कमी जळतं. शिवाय हळद पाण्यात पोहत नाही, त्यामुळे वाळायलाही सोपी.

फरक कुठून येतो हे शोधायला मी एकच गोष्ट केली. पुढची खेप निघाली तेव्हा चारही ड्रमची हळद वेगवेगळी पसरायला लावली आणि प्रत्येक पसाऱ्याच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. मजूर बायका हसल्या. वाळेपर्यंत थांबायला सवड नव्हती, म्हणून ओलीच हळकुंडं विळीवर उभी चिरली. शिजलेलं हळकुंड आत काचेसारखं ओलसर, आरपार एका रंगाचं दिसतं, कारण गाभ्यातला स्टार्च फुलून त्याची खळ झालेली असते आणि रंग सगळीकडे पसरलेला असतो. न शिजलेल्यात मधला गोल फिकट राहतो. पहिल्या ड्रमची हळकुंडं जरा जास्तच मऊ होती. दुसरा, तिसरा ठीक. चौथ्यातल्या जवळजवळ प्रत्येक हळकुंडात तो फिकट गोल होता.

भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, “जाळ कमी पडायलाय वहिनी. वाढवतो.” आणि वाढवला. कुकरवर बसणाऱ्या माणसाला जाळाशिवाय दुसरं काही सुचत नाही, आणि त्याच्या हातात दुसरं असतंही काय? तुराट्यांचे भारे आत गेले, ज्वाळा दारातून बाहेर आल्या. चौथा ड्रम शिजेपर्यंत पहिल्याची अक्षरशः भाजी झाली. हळकुंडं सालीतून फुटायला लागली.

मामंजी बाजेवरून ओरडले, “आरं, जाळ कशाला वाढवायलास? पयल्याला भाजायलास की चवथ्याला शिजवायलास?”

बोलणं खोचक होतं, पण त्यात अर्थ होता. जाळ कमी असता तर चारही ड्रम उशिरा शिजले असते. इथे एकच ड्रम मागे होता. म्हणजे दोष भट्टीपासून ड्रमपर्यंतच्या वाटेत कुठेतरी होता. आमच्याकडे कालव्याच्या टेलला रान असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धरण भरलेलं असतं, वरचे लोक दोनदोन पाळ्या घेतात आणि टेलच्या चारीला गाळ नि गवत.

तरी आधी भट्टी तपासली, कारण तिथेही सगळं आलबेल नव्हतं. त्या साली अवकाळी पावसाने लाकूड भिजलं होतं. ओल्या लाकडाची बरीच ताकद आपलंच पाणी उडवण्यात जाते, धूर तेवढा होतो. म्हणून भाऊजींनी पांढरा कोळसा आणला होता. सोयाबीनचं भूस, पऱ्हाट्यांचा भुगा असलं काहीबाही दाबून केलेल्या कांड्या. कोरड्या असतील तर त्या सुरेख जळतात, आच एकसारखी लागते. पण या कांड्यांना पाण्याचा थेंब सोसत नाही. ओल लागली की त्या फुगतात, सुटतात आणि त्यांचा पुन्हा भुगा होतो. तो भुगा जाळीत बसला होता. वर पिकांच्या काडाची राख. ती जास्त आचेत वितळते आणि थंड झाली की वीटभट्टीतल्यासारखे खंगर तयार होतात. जाळीची अर्धी फट त्यांनी बुजली होती. खालून हवाच नाही तर जाळ एका बाजूला धगधगणार आणि दुसऱ्या बाजूला धुमसणार. पहारीने खंगर फोडून काढले, राखेचा खण रिकामा केला, कांड्या पत्र्याखाली नेल्या. टाकीचं झाकण काढलं तर आत बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर. तो खरवडला. पाण्याला आधण लवकर यायला लागलं आणि चारही ड्रम आधीपेक्षा लवकर उतरायला लागले. चौथा तरीही शेवटीच.

मग माझ्या मनात आलं, चौथ्यात माल वेगळा जातो का? हळदीचा ढीग त्याच बाजूला होता आणि खांडणाऱ्या बायका गड्डे तिकडेच टाकत. जेठे गड्डे जाड असतात, त्यांना हळकुंडापेक्षा वेळ जास्त लागतो. दोन्ही वेगळे शिजवायचे असतात हे तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, घरी मात्र घाईत पाळलं जात नव्हतं. एक खेप चारही ड्रममध्ये निव्वळ हळकुंडं भरली, तीही एकाच आकाराची. थोडा फरक पडला. फिकट गोल लहान झाला, गेला नाही.

खरा उलगडा झाला तो व्हॉल्व्हमुळे. ह्यांनी सुचवलं की पहिले तीन बंद करून सगळी वाफ चौथ्याला देऊ. दिली. आडव्या पाइपात गुडगुड झाली, दोनदा ठोके बसल्यासारखा आवाज आला आणि चौथ्या ड्रमच्या तळाच्या भोकांतून वाफेऐवजी गरम पाणी आलं. चांगलं बादलीभर. नंतर वाफ यायला लागली, पण एका अंगाने. ड्रमच्या एका बाजूचा पत्रा हात लावू देत नव्हता, दुसरी बाजू कोमट.

दोन दोष एकावर एक बसले होते. आधी एका अंगाने येणाऱ्या वाफेचं बघितलं. ड्रम थंड करून आतली नळी पान्याने सोडवली. तिची निम्मी भोकं काळ्या मातीने आणि हळदीच्या तंतुमुळांनी लिंपली होती. काळी माती पाण्यात लोणी आणि वाफेत शेकली की वीट. चौथा ड्रम ढिगाजवळचा, म्हणून तळातली, न झटकलेली, मातीची हळद नेहमी त्याच्याच वाट्याला आलेली. दाभण घेऊन मी एकेक भोक मोकळं केलं. बाकीच्या तीन नळ्याही काढल्या, त्यांच्यातही थोडीफार माती होतीच.

पाण्याचा दोष समजायला आमच्याकडे घराचं काम करणारा गवंडी कारणी लागला. त्याची पाणसळ आडव्या पाइपावर ठेवली तर बुडबुडा सरळ टाकीच्या बाजूला पळाला. ट्रॉलीचं पलीकडचं चाक ओल्या भुईत खचलं होतं आणि पाइपाचं शेवटचं टोक खाली गेलं होतं. उघड्या लोखंडी पाइपातून वाफ जाताना तिचं थोडं पाणी होतंच. ते उताराने शेवटच्या टोकाला, म्हणजे चौथ्या ड्रमच्या तोंडाशी साचत होतं. वाफ त्या पाण्यातून कशीबशी वाट काढणार आणि जाताना त्यालाच पुढे ढकलणार. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक किलो वाफेचं पाणी होताना ती जवळपास 540 किलोकॅलरी उष्णता हळदीला देऊन जाते. तेच एक किलो उकळतं पाणी दहा अंशांनी निवलं तर फक्त दहा. चौथ्याला आम्ही वाफ म्हणून पाणी पाजत होतो आणि भाऊजी भट्टीत तुराट्या घालत होते.

चाकाखाली फरशीचे तुकडे घालून ट्रॉली उचलली, टाकीकडे किंचित उतार ठेवला, म्हणजे झालेलं पाणी टाकीतच परतावं. तालुक्याच्या वेल्डरकडून पाइपाच्या टोकाला एक छोटी तोटी बसवून घेतली. सुरुवातीला ती उघडी ठेवायची. आधी पाणी निघतं, मग पाइपात अडकलेली हवा, मग नुसती कोरडी वाफ आली की बंद. पाइपाला भट्टीपासून लांबच्या भागात गोणपाट गुंडाळलं. भाऊजींचा एक बेत मात्र मी मोडून काढला. वाफेचा दाब वाढावा म्हणून टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन ठेवायचं त्यांच्या मनात होतं. काही ठिकाणी लोक तसं करतात. हळदीचा कुकर पातळ पत्र्याचा असतो आणि त्याच्याभोवती बायका, पोरं, मजूर दिवसभर वावरत असतात. टाकी फाटली तर हळदीचा भाव बघायला कोण उरणार, असं मी विचारलं आणि त्या दिवशी मामंजींनी पहिल्यांदा माझी बाजू घेतली.

एवढं केल्यावर चारही ड्रम एकसारखे शिजायला लागले का? जवळपास. चौथा अजूनही दोनतीन मिनिटं मागे असतो. पाइपाच्या लांबीला आमच्याकडे उपाय नाही. वाफ दोन्ही टोकांनी सोडायची तर सगळाच पाइप नव्याने करावा लागेल आणि भावकीत त्या खर्चाला कुणी तयार नाही. म्हणून आम्ही चौथ्यात दोन टोपली हळद कमी भरतो आणि व्हॉल्व्ह उघडताना पहिला मान त्याला देतो. पहिल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही. गड्डे आता पहिल्या ड्रममध्ये जातात. तिथली जादा वाफ त्यांच्या जाड अंगाला मानवते.

त्या हंगामातला तिन्ही प्रकारांनी मिसळलेला ढीग मी हाताने निवडून घेतला. खडूसारखी हळकुंडं वेगळ्या पोत्यात, ती घरच्या आणि पाहुण्यांच्या दळणाला. काळपटलेली वेगळी. चांगली हळकुंडं पॉलिश करून हिंगोलीच्या बाजारात नेली. व्यापाऱ्याने नेहमीसारखी मोडून बघितली, काही बोलला नाही, बोली वाढवली. मिसळलेल्या मालाचे जे पैसे आले असते त्यापेक्षा थोडे जास्तच आले, पण निवडणीची मजुरी धरली तर फार काही उरलं नाही. हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, कारण शेजारी विचारतात तेव्हा ह्यांना फक्त भाव सांगायचा असतो.

आता गावातले लोक कुकर मागायला येतात तेव्हा त्यांना पाणसळही बरोबर देतो, आणि शिजवणीआधी तोटी उघडायला सांगतो. लाकूड मात्र ज्याचं त्याने आणायचं, आणि भाऊजी ते आधी दोन काड्या मोडून बघतात. ओलं निघालं तर ट्रॉली जागची हलत नाही. त्यावरून मागच्या चैत्रात एका चुलत सासऱ्यांशी वाजलं, ते अजून आमच्याकडे जेवायला येत नाहीत.